चौथी मूठ

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक पिठाची चक्की आहे. तिला पाटी आहे, पण पाटीवरचं नाव पिठाखाली केव्हाच गडप झालंय आणि ते पुसून काढावं असं आजवर कोणाला वाटलेलं नाही. चक्की शोधायला पाटी लागतच नाही. पितांबरनानांचा आवाज पुरतो.

"ओ मावशी, ज्वारी काय नदीम्हा धोई लयनी का? ओली शे ना ही! दगडले चिकटी जाई!"

हा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो. नाना अठ्ठावन्न वर्षांचे, सडेफटिंग, अंगाने वाळक्या शेंगेसारखे, भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ओल्या धान्यावर चिडतील, लाईट गेली की चिडतील, लाईट लवकर आली तर चहा अर्धा राहिला म्हणून चिडतील. बायका तोंडावर पदर धरून हसतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडेच येतात, कारण दळण नानांसारखं अख्ख्या देवपुरात कोणी देत नाही. आणि खरं सांगायचं तर नाना चिडलेले असतात तेव्हा अगदी मजेत असतात. हवं तेव्हा चिडता यावं, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चैन आहे. ती त्यांना फुकट मिळालेली नाही.

एकोणिसाव्या वर्षी नाना सुख शोधायला घर सोडून गेले होते. तेव्हा घर शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात होतं. बारावीत दोनदा गचके खाल्लेले आणि बापाने पारावर चारचौघांत म्हटलेलं, "ह्यानापेक्षा बैल बरा, तो निदान नांगरले तरी चालस." त्याच आठवड्यात अखंडसुख परिवाराची माणसं गावात उतरली. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात पेटी आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसू, जणू सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पेढे वाटलेत. "आमच्या निवासात कोणीही दुःखी नसतं," ते म्हणाले. बारावी नापास पोराला आणखी काय हवं? पितांबर त्यांच्या गाडीत बसला.

त्यांचं बोलणं अगदीच खोटं निघालं नाही. तिथे कोणी दुःखी नसायचं, कारण दुःखी दिसायला बंदी होती. ओट्या-ओट्यावर आरसे लावलेले. येता-जाता आपला चेहरा तपासायचा. बोलायचं दिवसातून एक तास. शनिवारी सभा. आठवड्यात कोणाचं तोंड उतरलेलं दिसलं, हे शेजाऱ्याने उभं राहून सांगायचं, तेही हसत हसत. पहिल्याच महिन्यात घरी पत्र लिहायला लावलं. मजकूर त्यांचा, हात पितांबरचा: 'माझ्यावर तुमचा हक्क उरलेला नाही. मला मेलो असं समजा.' पितांबरचं अक्षर मोत्यासारखं होतं. पुढे कितीतरी वर्षं नव्या पोरांना ते पत्र नमुना म्हणून दाखवत. बारावीत कधी झालं नव्हतं ते कौतुक तिथे झालं, असंही म्हणता येईल.

नवव्या वर्षी बाप वारला. घरून आलेलं पत्र संचालकांनी नऊ दिवस स्वतःकडे ठेवलं. दहाव्या दिवशी प्रार्थनेनंतर पितांबरला सगळ्यांपुढे उभं केलं आणि वाचून दाखवलं. तो रडला नाही. त्याचं हसूसुद्धा हललं नाही. नऊ वर्षांत गाल तसेच आवळून बसलेले होते. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या नानांच्या कानातून आजही गेलेल्या नाहीत.

अशा ठिकाणी माणसाचं डोकं फिरायचं, पण पितांबर वाचला तो चक्कीमुळे. निवासाचं स्वतःचं दळण होतं आणि ते काम त्याच्याकडे होतं. चक्की सुरू झाली की धडधडाट एवढा की शेजारी कोणी मेलं तरी कळू नये. त्या धडधडाटात पितांबर ओरडायचा. शिव्या द्यायचा, बैलांची नावं घेऊन हाका मारायचा, 'मा' म्हणून बोंबलायचा. मग बटण बंद करून हसऱ्या तोंडाने पिठाचे डबे पोचवायचा. अकराव्या वर्षी संस्थेने तयार पिठाच्या गोण्या घ्यायला सुरुवात केली आणि चक्की बंद केली. तिसऱ्या दिवशी पितांबर फाटकातून चालत बाहेर पडला, तो मिळेल त्या गाडीने घरी.

आई दारातच बसली होती. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हात-पाय धोय. भाकर खाई ले." पत्राबद्दल एक शब्द नाही. चार वर्षांनी तीही गेली. मग थोरला भाऊ लोटन शाळेत कारकून म्हणून देवपुरात आला, त्याच्यामागे पितांबर आला आणि त्याने चक्की टाकली. जेवण भावाकडे, भांडण गिऱ्हाइकांशी, झोप गाढ. माणसाला आणखी काय लागतं?

एकच काटा तेवढा रुतून राहिला होता, आणि तो कानबाईचा होता.

नागपंचमीनंतरच्या रविवारी इकडे घरोघर कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या, करतात, त्याचं धान्य मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू, सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ टाकायची. बायकांच्या नावाची मूठ नसते. का नसते ते कानबाईलाच विचारा, ती स्वतः बाई आहे. हा रोट घराबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचा. ज्याची मूठ पडली तो घरचा. मेलेल्याची मूठ पडत नाही. आणि पितांबरने तर स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं होतं, मला मेलो समजा.

ती अकरा वर्षं आपली मूठ पडली होती का? आईला विचारायची चार वर्षं संधी होती. नाना कोणालाही काहीही विचारू शकत, हे विचारू शकले नाहीत. नाही म्हणाली असती तर?

आता हेमांगीबद्दल. हेमांगी म्हणजे लोटनच्या मुलाची, भूषणची बायको. माहेर जळगावजवळचं असोदा, केळीच्या बागा असलेलं घर. या घरात आली तेव्हा खळखळून हसायची. तिला मुलगा झाला. घरात सगळं जुनंच आहे म्हणून लोटनआबांनी नातवाचं नाव नवीन ठेवलं. नवीन एक वर्ष आठ महिन्यांचा असताना भादव्यात तापाने गेला. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. त्याला आता दोन वर्षं होत आली.

पहिल्या महिन्यात हेमांगी रडली. मग सगळे तिला गप्प करू लागले. रडू नको, दुसरं होईल. रडू नको, त्याच्या जिवाला त्रास होतो. रडू नको, भूषणकडे बघ. भूषण बिचारा तिचे डोळे भरलेले दिसले की घरातून बाहेरच जायचा. त्याला सोसवत नसे. शेवटी हेमांगीने रडणं सोडलं आणि हसायला लागली. नानांनी ते हसू लगेच ओळखलं. असं हसू त्यांनी अकरा वर्षं आरशात पाहिलेलं होतं.

नानांच्या चक्कीवर काही बायका पावशेर-अर्धा किलो दळण घेऊन येतात, चक्की सुरू झाली की पदर डोळ्यांना लावतात. नाना तेव्हा पाठ करून उभे राहतात. धान्य संपलं आणि रडणं संपलं नसेल तर स्वतःच्या पोत्यातली ज्वारी वर ओततात, कारण दगड रिकामे फिरवले तर खराब होतात. हेमांगी शंभरदा दळण घेऊन आली, एकदाही रडली नाही.

आणि या उन्हाळ्यात अखंडसुख परिवाराने देवपुरात शाखा उघडली.

दिपमालाताई नावाच्या बाई घरी आल्या. पांढरी साडी, तेच हसू. हेमांगीला अकरा महिन्यांच्या निवासाला पाठवा म्हणाल्या. दुःख मुळापासून उपटून निघतं. भूषणने आशेने होकार दिला. तिथे काय चालतं ते नानांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे लोटनआबाही म्हणाले, पोरीला बरं वाटत असेल तर जाऊ दे. कानबाई झाली की सोमवारी जीप येणार, असं ठरलं. नाना त्या दिवशी खूप ओरडले. पण नाना रोजच ओरडत, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. रागीट माणसाची हीच पंचाईत असते.

शनिवारी नानांनी चक्की धुऊन-पुसून लख्ख केली. कानबाईचं दळण असेल त्या दिवशी दुसरा दाणा चालत नाही. दुपारी हेमांगी घरचा डबा घेऊन आली. सासूच्या, ताईबाईंच्या, गुडघ्याने दगा दिल्यामुळे या वर्षी मुठी तिने मोजल्या होत्या. डबा ओट्यावर ठेवून ती उभीच राहिली.

"नाना, माझी चूक झाली," ती म्हणाली. "आबांचं नाव घेतलं, तुमचं घेतलं, ह्यांचं घेतलं. आणि हात पुन्हा गव्हात गेला. तो गेला त्या सालीही मीच मोजल्या होत्या ना, चार. तोंडातून नाव निघून गेलं."

घरात पुरुष तीन. डब्यात मुठी चार.

"म्हणूनच मला तिथे गेलं पाहिजे नाना," ती हसून म्हणाली. "मी सणातसुद्धा अशुभ करून ठेवते."

नानांनी डबा उचलून पाहिला. नाव घेऊन पडलेली मूठ परत काढता येत नाही, आणि काढायची कुठून? गहू गव्हात मिसळून गेला होता. ते खोटं बोलायला तयार झाले. "वैनीनी इचारं ते सांग, नाना दुप्पट खास, म्हनीसन दोन मुठी टाक्यात." आणि त्यांनी बटण दाबलं. चक्कीचा धडधडाट सुरू झाला. नाना पाठ करून उभे राहिले, बराच वेळ. मागे वळून पाहिलं तर हेमांगी कोरड्या डोळ्यांनी पीठ पडताना बघत होती.

रविवारी सकाळी घरात कानबाई मांडली. चौरंग, नारळाचं मुखवट्याने सजवलेलं रूप, झेंडूच्या माळा, पुरण शिजत घातलेलं. ताईबाई चुलीपुढे पाटावर बसून पीठ मळायला लागल्या. त्यांच्या हाताखालून चाळीसेक कानबाया गेलेल्या. दोनदा हात फिरवला आणि त्या थांबल्या.

"हाई पीठ तीन जनस्नं नही."

नाना दारातून पुढे झाले. "वैनी, मी जास्त खास ना, म्हनीसन..."

"पितांबर भाऊ, तुमी अर्धी पोळी खातस आनि तीबी चिडीसन. खोटं नका सांगा." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "चौथी मूठ कोनी शे?"

लोटनआबांनी हातातला पेपर खाली ठेवला. भूषण झेंडूची माळ तशीच धरून उभा राहिला.

"नवीनची, आई," हेमांगी म्हणाली. आणि हसली.

"आई, आज काही बोलू नको," भूषण घाईने म्हणाला. "उद्या ती जातेच आहे. तिथे बरी होईल."

ताईबाई पिठात हात तसाच ठेवून बसल्या. त्या कडक बाई. सोवळं-ओवळं, सणवार, सगळं त्यांच्या धाकात. घरातल्या प्रत्येकाला वाटलं, आता पीठ बाजूला सारतील आणि नव्याने मोजायला सांगतील. त्या बोलल्या त्या वेगळ्याच माणसाशी.

"पितांबर भाऊ, तुमी अकरा साल तठे व्हतात. अकरा साल तुमना नावनी मूठ पडनी, तुमले म्हाईत शे का?"

नाना उंबऱ्याला हात लावून तिथेच खाली बसले.

"मी नवीच व्हती या घरम्हा. मी तुमनी मायले इचारं, आत्या, भाऊ घर नही, त्यास्ना रोट कोन खाई? त्या म्हनन्यात, मी खासू. अकरा साल त्यास्नी खाधा. चुल्हापासे बठेत, खायेत आनि रडेत, रडेत आनि खायेत. आम्हीन कोनी त्यास्ले उगी ऱ्हाय म्हनं नही. खावाई गया का डोया पुसेत आनि कामले लागेत."

"पन पत्र?" नानांचा आवाज चक्कीवाल्याचा राहिला नव्हता. "मी पत्र धाडेल व्हतं ना वैनी. मेला समजा म्हनीसन."

"उनं व्हतं. मामंजीस्नी वाची दाखाडं. आत्यास्नी पुरं ऐकी लिधं आनि इचारं, अक्षर त्यानंच शे ना? मामंजी म्हनेत, त्यानंच. मंग जित्ता शे, म्हनेत आत्या. आनि पत्र डब्बाम्हा ठी दिधं."

भूषणने हातातली माळ चौरंगावर ठेवली.

"पितांबर जित्ता व्हता," लोटनआबा हळूच म्हणाले. "हाई मूठ ते..."

"कानबाई बाई शे. तिले समजी," ताईबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "माले कालपावत समजनं नही, पोरी. मीबी तुले रडू नको, रडू नकोच सांगत ऱ्हायनू. चुकनं मनं. नवीनना रोट तू खाय. तू माय शेस. आनि जेवढं रडनं शे तेवढं आठेच रड. घर कसाकरता ऱ्हास मंग?"

नैवेद्य दाखवून झाला. पानं मांडली. ताईबाईंनी चौथा रोट हेमांगीच्या पानात वाढला, वर तूप घातलं, शेजारी गंगाफळाची भाजी आणि खीर. हेमांगीने पहिला घास तोडला. तो हातात धरून ती कितीतरी वेळ बसली. मग तोंडात घातला आणि चावता चावता तिच्या छातीतून जे बाहेर पडलं, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. दोन वर्षांचं रडणं होतं ते. शेजारची पुना काकी धावत दारापर्यंत आली. ताईबाईंनी तिला हाताने सांगितलं, काही नाही, रडू द्या.

भूषण उठला. घरच्यांना वाटलं, हा आता नेहमीसारखा बाहेर जाणार. तो गेला नाही. हेमांगीच्या पानाशी येऊन मांडी घालून बसला. "मीपण खाऊ का त्याचा?" त्याने विचारलं. तिने रडतच अर्धा रोट त्याच्या हातावर ठेवला.

आणि नाना? नानांच्या पानात त्यांचा स्वतःचा रोट होता. त्यांनी एक घास घेतला. त्यांना चुलीपुढे बसलेली आई दिसली, आणि तिच्या बाजूला, पत्र वाचून दाखवणारा बाप. तीस वर्षांपूर्वी चारशे माणसांपुढे जे गालांनी अडवून धरलं होतं, ते नाकातोंडातून वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. या वेळी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. लोटनआबांनी भावाच्या पानात आणखी एक चमचा तूप वाढलं आणि जेवत राहिले. चांगली माणसं अशीच वागतात.

सोमवारी सकाळी सगळी गल्ली वाजतगाजत पांझरेवर गेली. बायकांनी फुगड्या घातल्या, कानबाई पाण्यात सोडली. हेमांगी ओल्या साडीने, सुजलेल्या डोळ्यांनी परत आली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पांढरी जीप उभी होती.

"चला," दिपमालाताई म्हणाल्या. "हसत हसत निघायचं आता."

"ताई, माझं रडायचं बरंच बाकी आहे," हेमांगी अगदी शांतपणे म्हणाली. "आणि मला ते घरीच करायचंय."

दिपमालाताईंनी संस्थेत शिकवतात ते सगळं सांगून पाहिलं. हेमांगी ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली. नाना तिथेच होते. गल्लीला वाटलं, आता हे बाईंची चांगलीच खरडपट्टी काढतील. पण नाना त्यांच्या गालांकडे बघत होते. ते गाल संध्याकाळी किती दुखतात हे त्यांना माहीत होतं. "ताई," ते म्हणाले, "कधी दळन लई येज्यात. चक्की चालूच ऱ्हास." बाईंना काही कळलं नाही. जीप रिकामीच परतली.

त्यानंतर घरात रडणं आणि हसणं दोन्ही पुन्हा सुरू झालं, वेळेवर, अवेळी, जसं यायचं तसं. भूषणला अजून जड जातं, पण तो घराबाहेर पळत नाही. नवीनचा रोट रोज थोडा थोडा करून हेमांगीने खाल्ला.

पुनवेच्या आदल्या दिवशी ती चक्कीवर आली. पदराखाली वाटी होती, वाटीत रोटाचा शेवटचा तुकडा. नाना एका माणसाच्या अंगावर ओरडत होते, त्याच्या बाजरीत खडे निघाले म्हणून. तिने तुकड्याचे दोन भाग केले आणि एक नानांच्या पिठाळ हातावर ठेवला. दोघांनी उभ्या उभ्या खाल्ला.

"पुढच्या वर्षीपण चारच मोजू ना, नाना?" तिने विचारलं.

"चारच," नाना म्हणाले. त्यांनी हात झटकले, बाजरीच्या डब्याकडे वळले आणि पाठमोरेच, चक्की सुरू करता करता, नेहमीच्या वरच्या पट्टीत ओरडले, "पन पुढला साल मूठ जराशी मोठी ले! पोऱ्याले पाचवं वरीस लागी!"